ढकलायचं मशीन

आण्णा, गेल्या आठवड्यात मी गवत कापायचं मशीन घेतलं. घरासाठी नाही, घराला अंगणसुद्धा नाही माझ्या. कॉलेजसाठी घेतलं. गेवराई सोडून बीडला आले त्याला आता बरीच वर्षं झाली. संस्थेच्या इथल्या कॉलेजात ऑफिस माझ्याकडे आहे, आणि खरेदीच्या मीटिंगमध्ये माझं ऐकतात. हे तुम्हाला सांगावंसं वाटलं म्हणून लिहायला बसले, पण एवढंच सांगून भागणार नाही. मागचं सगळं तुम्हाला माहीत आहे, तरी पहिल्यापासून लिहिते, कारण मी ते अजून कुणापुढे मोठ्यानं बोललेली नाही.

तुम्ही गेवराईच्या कॉलेजात माळी होतात. माझं शिक्षण झाल्यावर तुम्हीच साहेबांना भेटून मला तिथल्या ऑफिसात लावलंत. पहिल्या दिवशी आपण सोबत निघालो, पण फाटकापाशी तुम्ही थांबलात. "तू म्होरच्या दारानं जा. आता तू ऑफिसची हायस," म्हणालात आणि सायकल धरून मागच्या बाजूला गेलात. मला ते आवडलं होतं. इतकं आवडलं की पुढे ती रीत मीच पाळायला लागले. तुम्ही ऑफिसात माठातलं पाणी प्यायला आलात की मी रजिस्टरात डोकं घालायची. मी कुणाची मुलगी हे शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं, लपवण्यासारखं काही नव्हतंच. तरी 'माळ्याची पोरगी' हे शब्द कुणाच्या तोंडून येतील या धाकात माझा दिवस जायचा.

मैदानावर हिरवळ केली त्या वर्षाची गोष्ट. तोवर तुम्ही विळ्यानंच कापत होतात, उकिडवे बसून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि त्या टोकाला पोचेस्तोवर या टोकाचं परत वाढलेलं असायचं. मशीन घ्यायचं ठरलं. दुकानदारानं दोन मशीनं आणून मैदानावर उभी केली. एकाचं पातं इंजिनावर फिरायचं, पण पुढे न्यायचं ते माणसानं ढकलून. दुसऱ्याच्या दांड्यावर एक पट्टी होती, ती दाबली की ते आपल्या चाकांवर आपणच पुढे जायचं. मी खिडकीतून पाहत होते. तुम्ही दोन्ही चालवलीत, उताराला नेलीत, परत वर आणलीत, मग खाली वाकून चाकं हातानं फिरवून पाहिलीत.

त्या संध्याकाळी मी चुलीपुढे भाकरी थापतेय. तुम्ही पाटावर बसलाय, ताटातली भाकरी मोडलेली तशीच आहे आणि तुम्ही मला मशीन समजावून सांगताय. एवढं सलग बोलताना मी तुम्हाला कधी ऐकलं नव्हतं.

"आपलं मैदान उताराचं हाय, माय. मागची कापल्याल्या गवताची पिशवी भरली की समदं वजन मागं येतंय अन् म्होरची चाकं हलकी पडत्यात. जोर मागच्या चाकात पायजे. त्या दुसऱ्या मशीनचा तसाच हाय. तू मीटिंगला असतीस नव्हं? तेवढं सांग."

"कावून? तुमीच सांगा की," आई म्हणाली.

"मला कोन इचारतंय? तिचं ऐकत्यात."

मी 'सांगते' म्हणाले. खरंच सांगणार होते.

मीटिंगमध्ये माझं काम टिपण घेण्याचं होतं. साहेब म्हणाले, "हे आपोआप चालणारं म्हणजे पट्टा आला, वायर आली. उद्या बिघडलं की पळापळ. साधंच घ्यावं का?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही सांगा. तुमच्या घरातच माहितगार माणूस आहे." त्यावर कुणीतरी हसलं. त्या हसण्यात वाईट काही नसेलही. पण माझे कान तापले, आणि मी मान वर न करता म्हणाले, "साधंच घ्या, सर. ढकलायला माळी आहे की."

मान वर केली तेव्हा तुम्ही दारात उभे होतात. तुम्हाला विचारायचं म्हणून शिपायानं बोलावून आणलं होतं, ते मला माहीत नव्हतं. टोपी हातात होती. साहेबांनी विचारलं, "काय, होईल ना ढकलायला?" तुम्ही म्हणालात, "व्हईल की, साहेब." आणि मी ते टिपणात लिहून घेतलं.

घरी मी तुमच्या बोलण्याची वाट पाहत होते. तुम्ही हातपाय धुतलेत, जेवलात. उठताना म्हणालात, "एकदा चालवून बगायचं व्हतंस, माय. मंग बोलायचं." आवाजही चढला नव्हता. तुम्ही मला लागेल असं आयुष्यात बोललात ते तेवढंच.

ते मशीन जड होतं. सपाटीला ठीक चालायचं, पण मैदानाच्या वरच्या अंगाला चढ लागला की तुमची पावलं मागे सरायची. मला ऑफिसातून दिसायचं. एका दुपारी पाहिलं तर मशीनच्या पुढे दोर बांधलाय आणि तो आईनं खांद्यावरून घेतलाय. ती पुढून ओढतेय, तुम्ही मागून ढकलताय. ती तुमची भाकरी घेऊन आलेली होती. गठुडं तसंच बांधलेलं कडेला पडलं होतं. त्याच वेळी बाहेरगावच्या कॉलेजातून तपासणीला आलेले कुणी पाहुणे माझ्या टेबलापाशी उभे होते. मी उठले आणि खिडकी लावून घेतली. धूळ येते म्हणाले.

त्या रात्री आईला मी काय बोलले ते तुम्ही ऐकलंत. "मैदानावर येत जाऊ नको, बरं दिसत नाही." दुसऱ्या दिवसापासून तिची भाकरी फाटकापर्यंतच यायची. आणि वरच्या अंगाचं गवत तुम्ही पुन्हा विळ्यानं कापायला लागलात, सकाळी कॉलेज भरायच्या आत, कुणी यायच्या आत. मला सोयीचं झालं. सोयीचंच झालं, आण्णा, दुसरा शब्द मला सापडत नाही.

तुम्ही रिटायर झालात आणि दीड वर्षात गेलात. डॉक्टर म्हणाले हृदय. मशीननं तुम्हाला नेलं असं मी म्हणत नाही. तसं म्हणून एकदा रडून घेतलं असतं तर कदाचित मोकळी झाले असते. पण तुम्ही कशानं गेलात हा प्रश्नच वेगळा आहे. माझ्या मनात बसलंय ते तुमचं दारात उभं राहणं, आणि माझं पेन चालू राहणं.

आता इथलं सांगते. बीडच्या कॉलेजातही मैदान केलं, आणि मशीनचा कागद माझ्या टेबलावर आला. सगळे म्हणाले, मोबाईलवर बघून मागवून टाका. मी म्हणाले, नाही, दुकानात जाऊन बघते. दुकानाच्या मागच्या मोकळ्या जागेत पदर खोचून मी स्वतः मशीन चालवलं. दुकानदार म्हणत होता, "मॅडम, तुम्ही कशाला त्रास घेता?" मी त्याला जोर कोणत्या चाकांना आहे ते विचारलं. पातं इथं मिळतं का, पट्टा इथं मिळतो का, तुटला तर बसवणार कोण, ते विचारलं. एक लई देखणं मशीन होतं, पण त्याचा पट्टा मागवायला पंधरा दिवस लागतील म्हणाला. ते तिथंच ठेवलं. उरली त्यातली दोन, दोन्हींचा जोर मागच्या चाकांना, मी कॉलेजवर पाठवायला सांगितली.

आमच्याकडे मैदान बघते ती एक बाई आहे, शिरूर कासारची. नवऱ्याबरोबर दहा हंगाम ऊसतोडीला गेलेली, आता पोरींच्या शाळेसाठी इथं राहिलेली. मी तिला म्हणाले, "दोन्ही चालव, घाई करू नको." ती आधी भ्याली. मग पहिलं चालवलं, फेरी मारून आली, धापा टाकत म्हणाली, "बाई, ह्ये मला वढीत न्हेतंय. म्या त्येच्या मागं पळतीय." त्याला एकच वेग होता. दुसऱ्याच्या दांड्यावर वेग कमी-जास्त करायचा खटका होता. ते घेऊन ती चढाला गेली, पिशवी भरेपर्यंत हिंडली, आणि मैदानाच्या त्या टोकावरून ओरडली, "ह्ये माज्या चालीनं चालतंय!" मी ते बंद करायला लावलं, जरा वेळानं इंजिन गरम असताना पुन्हा चालू करून पाहायला सांगितलं. दोरीच्या दुसऱ्या झटक्याला चालू झालं. तिसऱ्या दिवशी ओल्या गवतातही नेऊन पाहिलं. मग त्याच मशीनच्या कागदावर सही केली.

मीटिंगमध्ये मी सगळं मांडलं. चढ, पिशवीचं वजन, मागची चाकं. प्राचार्य नवीन आहेत, चांगला माणूस आहे. ते म्हणाले, "मॅडम, कमाल आहे. तुम्हाला मशीनमधलं हे कुठून कळलं?" सगळे माझ्याकडे बघत होते. लग्नानंतर माझं आडनाव बदललं, गेवराईचं इथं कुणी नाही, मी कुणाची हे कुणाला माहीत नाही. शब्द अगदी ओठावर होते. माझे वडील माळी होते. तीन-चार शब्दांचं तर वाक्य. मी म्हणाले, "मोबाईलवर व्हिडिओ बघितले, सर."

माना डोलल्या, पुढचा विषय निघाला.

आई आता माझ्याकडेच असते. तिचं ऐकायला कमी आलंय, पण मशीन घेतलं म्हटल्यावर तिनं बरोबर ऐकलं. "कंचं घेतलं?" म्हणाली. मी सांगितलं. मग तिनं विचारलं, "त्येंचं नाव निगालं का तितं?" मी तिच्या कानापाशी तोंड नेऊन सांगितलं, "निघालं की. सगळ्यांपुढे सांगितलं मी, आण्णांनी शिकवलं म्हणून." ती कितीतरी वेळ तोंडाला पदर लावून बसली. शेजारणीलाही तिनं ते सांगितलंय, दोनदा.

आण्णा, हे पत्र कुठं पाठवायचं नाही, आणि आईला वाचता येत नाही. तिला मी अजून खरं सांगितलेलं नाही.