तळघराच्या पायऱ्या

चिरंजीव धाकट्यास, ताईचे भरभरून आशीर्वाद.

पायाचं प्लास्टर निघालं. हाड नीट जुळलंय, असं डॉक्टर म्हणाले. आईला एवढंच वाचून दाखव. तिचा खोकला थांबला का?

पुढचं फक्त तुझ्यासाठी. मी कामाला जाते ती लाँड्री तळघरात आहे. मी पडले त्याच जिन्याच्या वरच्या पायरीवर काल पुन्हा उभी राहिले, तर पाय उचलेना. दुखत नव्हता, नुसता उचलेना. खालून मुकादमबाई ओरडल्या, "येताय, की दुसरी बघू?" मग मी खाली बसले आणि रांगत्या पोरासारखी घसरत एकेक पायरी उतरले. बायका हसल्या. मीही हसले आणि इस्त्री हातात घेतली.

तू न्यायला येतो म्हणतोस. खोलीही आवरून ठेवलीत. तुझी नि आईची माया कळते रे मला. पण हे गेले तेव्हाही तू आलास, आणि मी मुकाट तुझ्यामागून निघाले. मग तुझ्या खिडकीपाशी पुस्तकं वाचत कितीतरी वर्षं नुसती बसून काढली. आता पुन्हा तिथे बसले, तर उठायची नाही.

उद्या उभ्याने उतरून बघते. नाही जमलं, तर बसून उतरेन. तू मात्र तिकीट काढू नकोस.

तुझीच,
ताई