ताऱ्यांना दिलेली घरची नावं

४ मार्च
आज नोकरीचा पहिला दिवस, आणि मी पहिलीत जाणाऱ्या मुलीसारखी तासभर आधीच तयार! एकतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या बाईला संशोधन संस्थेने घेतलं. इथे संगणकात दाटीवाटीने जमलेले तीन हजार तारे फिरतात. कोण कुणाच्या जवळ सरकतंय ते पडद्यावर पाहून वहीत टिपायचं, एवढंच माझं काम. स्वच्छ खोली, टोक केलेल्या पेन्सिली. लहानपणी मला शिकवणाऱ्या कॉन्व्हेंटमधल्या मदरना माझं टेबल पाहून बरं वाटलं असतं.

शेजारी चुंबकक्षेत्रांचे एक शास्त्रज्ञ बसतात. सगळे त्यांना 'चुंबक' म्हणतात, तेही ओ देतात. त्यांनी सांगितलं, आकड्यांनी डोकं गरगरतं, म्हणून ज्याने त्याने आपल्या ताऱ्यांना नावं द्यायची. आधीच्या बाईंनी भाज्यांची दिली होती. बटाटा कोबीवर आदळला तेव्हा मीठ विसरू नका म्हणून अख्खा मजला ओरडला होता म्हणे.

मी घरची माणसं मांडली. ताई, माई, दादा, वहिनी, परगावी राहणारी माझी लेक चिमी. तिच्या जवळ मी.

११ मार्च
पहिली टक्कर, ताई आणि माईची. टक्कर कसली, गळामिठीच. चुंबक म्हणाले, दोन तारे एकजीव होताना चुंबकरेषा ओल्या चादरीसारख्या पिळल्या जातात, आणि उरणारा एकच तारा हजारपट चुंबकीय होतो. दोघांतलं काही वाया जात नाही, बाई.

संध्याकाळी बहिणींना ही गंमत सांगायला फोन केला. माईचा नंबर अस्तित्वातच नाही. ताईच्या नंबरवर जी बोलली ती ताईसारखी गुडघ्यांवरून कुरकुरली आणि माईसारखी खिदळली. माई कुठे आहे, विचारलं. अगं, तुला एकच तर बहीण, म्हणाली, तीही पुरेना का?

१२ मार्च
लहानपणीच्या फोटोत आम्ही तिघी होतो. आता दोघी. माझ्या शेजारच्या मुलीला ताईचं नाक आहे आणि माईची खळी.

सगळी नावं पुसली. चुंबक म्हणाले, नाव पुसून तारा थांबत नाही, आणि एकदा सुरू केलेलं गणित सहा आठवडे कुणी थांबवत नाही. बाई, दोन दिवस रजा घ्या.

१५ मार्च
दादा आणि वहिनी. फोनवर एकच आवाज. स्वतःलाच 'अहो' म्हणत होता.

१८ मार्च
चिमी आणि मी एकमेकींभोवती. अंतर रोज निम्मं होतंय. चुंबकांचे पाय धरायचेच बाकी ठेवले. माझा तारा घोळक्याबाहेर फेका, माझं काय व्हायचं ते होऊ दे, पोर तिची ती राहू दे. त्यांनी हळूच विचारलं, बाई, घरी कुणाला कळवू का? कुणाला, म्हटलं.

ते जेवायला गेल्यावर त्यांच्या खुर्चीत बसून, त्यांच्या संगणकावरून मीच माझ्या ताऱ्याला धक्का दिला. तारा सुटला. पार कडेपर्यंत गेला. पदर तोंडात धरून रडले.

१९ मार्च
परत फिरला. एवढ्या दाटीतून कुणी सुटत नाही — सगळ्यांची ओढ — दुप्पट वेगाने येतोय, सरळ तिच्याकडेच —

चिमीचा फोन. घाबरली होती. आई, मला तुझ्या कॉन्व्हेंटमधल्या मदरचा आवाज का आठवतोय? ठेव म्हटलं, बोलू नकोस माझ्याशी, लांब जा —

२० मार्च
चिमीचा नंबर लावला. माझाच फोन वाजला.

तिच्या जन्माचा दिवस आठवून पाहते, तेवढं तरी माझं एकटीचं — कळा येताहेत, नर्सने हात धरलाय — आणि अंधार, सगळीकडून दाबतोय — आणि कुणीतरी मला पायाला धरून उजेडात —