बॅटरी मेलेली नाही

अहो,

आपल्या कॅम्पर व्हॅनची बॅटरी मेलेली नाही, मेकॅनिक काहीही म्हणो! तीन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या पूजेआधी तुम्ही हौसेने गाडीला निळा रंग फासलात, तो अर्थिंगच्या बोल्टखालीही गेला. वायर पत्र्याला धड टेकतच नव्हती, म्हणून दिवे लागायचे पण गाडीतला फ्रीज बंद पडायचा. काल मी तिथला रंग रुपयाएवढा खरवडला आणि बोल्ट आवळला. तेव्हापासून फ्रीज अखंड चालू आहे. आत्ता पाहिलं, आत चार डिग्री!

तीन वर्षं ‘माझं इन्सुलिन गार कुठे ठेवणार?’ म्हणत तुम्ही बडोद्याबाहेर पाऊल टाकलं नाहीत. मी डिझेल भरून येते. आठला बॅग घेऊन दांडिया बाजारच्या नाक्यावर उभे राहा.

घरच्या फ्रीजमध्ये इन्सुलिन शोधू नका. ते गाडीत बसलंय.

नयना