कठडा कुणी जाळला

डब्लिन

डर्मट,

काल तू पर्यटकांना दाखवतोस त्या सजवलेल्या घरात लोकांच्या मागे मीही उभी होते. अडीचशे वर्षांपूर्वी एका उमरावाने बांधलेलं घर, छतावरची चुन्याची नक्षी, दारावरची पंख्यासारखी काच, सगळं झोकात सांगितलंस. मग म्हणालास, "पुढे इथे गरीब भाडेकरू घुसले. जिन्याचे कोरीव कठडेसुद्धा जाळले त्यांनी. नुसती नासाडी."

लाज कशी वाटली नाही रे? त्याच दिवाणखान्यात भाड्याने राहून आईने आपल्या दोघा भावंडांना वाढवलं. तुला न्यूमोनिया झाला आणि घरात कोळशाचा तुकडा नव्हता, तेव्हा तिनेच तो कठडा तोडून शेगडीत घातला. म्हणून तू जगलास.

मी सर्वांदेखत विचारलं, "कुणासाठी जाळले, तेही सांगा की."

तू माझ्याकडे पाहिलंस, मला ओळखलंस, आणि म्हणालास, "चला, पुढचं दालन बघू."

शेजारच्या बाईने विचारलं, "तुमच्या ओळखीचे का हे?"

"त्याच्या आईला ओळखत होते," मी म्हटलं.

हे पत्र मी टाकणार नाही. वाचलंस तरी तू त्यातलं शुद्धलेखनच तपासशील.

तुझी नव्हे, आईची,
नोरीन