खोळीची लाल बाजू

३ फेब्रुवारी, रविवार

हरले! दाढ माझ्यापेक्षा वरचढ निघाली.

दाढ म्हणजे आमच्या गॅलरीतून दिसणारा तो बुटका सुळका. नाव ताईने आणि मी ठेवलेलं. नकाशात नुसता उंचीचा आकडा आहे. एवढ्या मोठ्या शहराच्या उशाशी असून तिकडे कुणी फिरकत नाही. "एकदा जाऊ गं दाढेवर," ताई वर्षानुवर्षं म्हणायची. गेली ती भावाकडे!

शेवटच्या बसथांब्यापासून तासभर घसरड्या वाटेने चढले. मग वाटच संपली. पुढे दोन पुरुष उंच कातळ. अर्ध्यावर पुढे काय धरायचं ते कळेना आणि बसत बसत खाली आले. चोपन्नाव्या वर्षी घसरगुंडी! बरं झालं, बघायला कुणी नव्हतं. वाईटही तेच.

५ फेब्रुवारी

दिवसभर दातांच्या लॅबमध्ये कवळ्या घासल्या. मालक म्हणाले, "बाई, आज दातओठ खाताय की काय?" म्हटलं, "दात खातेय, पण दुसऱ्यांचे." सगळे हसले. घरी येऊन हे सांगायला तोंड उघडलं — समोर ताईची खुर्ची. रिकामी.

८ फेब्रुवारी

भावजयीचा फोन. भावाची बदली झाली, अठ्ठावीसला सगळे दूर चालले. ताईसुद्धा. "तुम्ही एकदा बोला ना त्यांच्याशी."

काय बोलू? सहा महिन्यांपूर्वी भांडलो ते रजईच्या खोळीवरून. सांगायचीही लाज वाटते. खोळ एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने पांढरी. ताईचा कायदा — वाळत घालताना लाल बाजू आत, नाहीतर रंग विटतो. मी घातली बाहेर. ती म्हणाली, "तुला मेलं एक काम धड जमत नाही." मी म्हटलं, "तू गेलीस ना, की मला सगळं जमेल."

तासाभरात तिने बॅग भरली. दाराची एक किल्ली अजून तिच्याकडेच आहे. तिने दिली नाही, मी मागितली नाही.

अठ्ठावीसनंतर ती काही परत येत नाही. हे मला स्वच्छ कळतंय. तरी फोन उचलवत नाही.

१० फेब्रुवारी, रविवार

पोचले!

शेळ्या चारणारी एक बाई माझी धडपड बराच वेळ बघत होती. शेवटी ओरडली, "अहो ताई, असं काय करताय? तीन धरायचे, एक सोडायचा! दोन सोडलेत की गेलात!" दोन हात, दोन पाय. तीन पक्के ठेवायचे, चौथा हलवायचा. एवढंच. हे मला इतकी वर्षं कुणी सांगितलं नाही.

मला ताई म्हणाली. आमच्या घरात तो शब्द एकीचाच.

वर पलंगाएवढी जागा. वारा, एक वाळकं झुडूप, समोर अख्खं शहर. आणि आपलं घर काही सापडेना! सगळ्या इमारती सारख्या. ज्या गॅलरीतून वीस वर्षं दाढ बघतोय, ती गॅलरी दाढेवरून ओळखू येईना. रडले. चक्क भोकाड पसरलं. खालून शेळ्यांनी साथ दिली.

१७ फेब्रुवारी, रविवार

मालकांची दुर्बीण मागून नेली. निघताना खोळ गॅलरीबाहेरच्या दोरीवर घातली, चार चिमटे लावून. लाल बाजू बाहेर. मुद्दाम!

सापडलं! नखाएवढा लाल ठिपका, शेजारी गच्चीवरची निळी टाकी. आनंदाच्या भरात हात हलवला. खूप वेळ हलवला. मग लक्षात आलं, तिकडे कोण आहे हात हलवायला? रिकाम्या घराला टाटा करत होते मी. डबा न खाताच उतरले.

१८ फेब्रुवारी

केला फोन. भावजयीने उचलला. मागून ताईचा आवाज, "कामात आहे म्हणावं." मला ऐकू यावं असाच.

दिवसभर पाठ केलेलं 'माझं चुकलं' राहूनच गेलं. भावजयीला म्हटलं, "तिला सांग, मी दर रविवारी दाढेवर जाते. दहाला वर असते. खोळ लाल बाजूने वाळत घालून जाते, वरून घर ओळखू यावं म्हणून."

"एवढंच सांगू?"

"एवढंच."

गाढव! नको तिथे खोळीचं पुराण लावत बसले.

२१ फेब्रुवारी

काही नाही. फोन वाजला तो चुकीचा नंबर होता. त्या माणसाशीही दोन मिनिटं बोलले.

२४ फेब्रुवारी, रविवार. दाढेवर, सव्वादहा

पेन्सिलीने लिहितेय. लाल ठिपका नाही. दुर्बीण पदराने तीनदा पुसली. निळी टाकी आहे. गॅलरी आहे. खोळही आहे, नीट ताणून घातलेली.

पांढरी!

सकाळी मी लाल बाजू बाहेर ठेवून चार चिमटे लावलेत. वाऱ्याला चिमटे काढता येत नाहीत. आणि चोर काही रंग विटेल म्हणून खोळ उलटी करत नाही.

उतरते. तीन धरायचे, एक सोडायचा. घाई नको. बाई गं, आज तरी पडू नकोस.