एक पोते लाखोरी

॥ श्री ॥
आमगाव, मार्गशीर्ष शुद्ध ५, शके १८५८

चि. खेमराज यास दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्याविरुद्ध एक गंभीर तक्रार आहे, ती आधी नोंदवतो, मग कुशल. एवढा शिकलास, कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत लागलास, पण कार्ड आणि पाकीट यांतला भेद तुला अजून उमगला नाही. उंदरांसाठी घरची लाखोरीची डाळ एक पोते पाठवावी, हे तू उघड्या कार्डावर लिहिलेस. पोस्टातल्या चुन्नीलालने ते सहा जणांना वाचून दाखवले, सातवा मी. आता शाळेत जाताना चैतराम दुकानातून विचारतो की, काऊन जी गुरुजी, आमी इथं उंदरं मारून राहिलो अन् तुमचा भाऊ तिथं पोसून राहिला? मी त्याला गणपतीच्या वाहनाची थोरवी ऐकवतो. त्याला ती पटत नाही. खरे सांगायचे तर मलाही फारशी पटत नाही.

पोते सोमवारी गाडीवर चढवले. धान उभे असतानाच शेताच्या बांधीत फेकून पेरलेली आपलीच लाखोरी आहे. तुझ्या वहिनीने ते स्वतः भरले, स्वतः शिवले, मला सुतळीसुद्धा धरू दिली नाही.

आमच्या फुलवंताबद्दल विचारलेस. दिवाळीच्या पोलक्याचे माप घेताना शिंपी तीनदा फीत लावून थांबला, तेव्हा प्रथम कळले. मग नागपूरच्या डॉक्टरांनी हाडांचा फोटो काढून दाखवला: कणा उजवीकडे वळला आहे. फोटो सोबत धाडतो. बारा वर्षांची पोर, दुखत नाही, खुपत नाही. वाढ थांबेपर्यंत आणखी वळू शकतो म्हणाले. कशाने वळला, हे विचारल्यावर त्यांनी चष्मा पुसला.

ते उत्तर धुरपता आत्याकडे तयार होते. फुलूचे अंगावरचे दूध सुटले त्या वर्षी पाऊस नसल्याने धान बुडाले आणि आठ महिने घरात लाखोरीच शिजली, हे आत्याला पाठ आहे. लाखोरीने पाय आखडतात हे सगळ्यांना माहीत. मग पाठ काऊन नाही वाकणार, असे तिने चुलीपाशी बसून विचारले. त्या दिवसापासून तुझी वहिनी, जमुना, एकदाच जेवते. उपास आहे म्हणते. कोणत्या देवाचा, ते विचारायचे मला धाडस होत नाही. तिकडे परदेशात कोणी उंदरांना लाखोरीच्या जातीतले बी चारून त्यांचा कणा वाकवला, असे तू उन्हाळ्यात सांगितले होतेस. आता आपली लाखोरी चारून बघ आणि जे दिसेल ते लिही. पाकिटात.

लोभ आहे तसाच राखावा.
शालीकराम


कलकत्ता, २० फेब्रुवारी १९३७

तीर्थस्वरूप दादांचे चरणी खेमराजचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

पाकीट पाहिलेतच. चुन्नीलालची निराशा मला इथून दिसते.

तीन आठवड्यांची पिल्ले घेतली, तीन पिंजरे केले. पहिल्यात गहू-दूध. दुसऱ्यात तेच, पण अर्धी आपली लाखोरी. तिसऱ्यात गोड वासाच्या शोभेच्या वाटाण्याचे बी. बागवाले ज्याच्या वेली कुंपणावर चढवतात तो. परदेशातल्या लोकांनी हेच चारले होते. दर आठवड्याला पिल्लांचे वजन करतो आणि बोटाने कणा चाचपतो. महिन्याकाठी त्यांचे फोटो घेतो, फुलूचा घेतला तसेच.

तिसऱ्या पिंजऱ्यातल्या नऊपैकी सहांचे कणे वळले आहेत. एकाचा तर फुलूसारखाच, उजवीकडे, त्याच उंचीवर. दादा, तो फोटो मी उजेडाला फुलूच्या फोटोशेजारी धरून पाहिला. पिल्लू मात्र चांगले खाते, दाराची चाहूल लागली की सगळ्यांत आधी पुढे येते. नियम असा की कुणाला वेगळे वागवायचे नाही. मी नियम पाळतो. फक्त त्याचा पिंजरा साफ करायला जरा जास्त वेळ लावतो.

आता ज्यासाठी पत्र, ते. आपल्या लाखोरीच्या पिंजऱ्यात नऊच्या नऊ कणे सुतासारखे सरळ आहेत. उलट ती पिल्ले गहू-दूधवाल्यांपेक्षा गुबगुबीत. वहिनींना सांगा, डाळ निर्दोष आहे, आणि तो बिननावाच्या देवाचा उपास आता सोडा.

फुलूला गोड पापा. लोभ असावा, रागे भरायलाही.
आपला खेमराज


॥ श्री ॥
आमगाव, माघ वद्य ७, शके १८५८

चि. खेमराज यास आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र आले त्या दिवशी तुझी वहिनी दोनदा जेवली. दुसऱ्या दिवशी तिने दिवाळीच्या उरलेल्या पिठाचे अनरसे केले. ना सण ना पाहुणा. धुरपता आत्यालाही ताटलीभर धाडले. त्या ताटलीत सूड किती आणि गूळ किती, हे मी मोजले नाही. चार दिवस घरात हसणे होते. फुलूने तर मलाच विचारले की, बाबा, आईले का झालं?

पाचव्या दिवशी दुपारी मी पोरांच्या वह्या तपासत होतो. जमुना तांदूळ निवडता निवडता सूप घेऊनच समोर येऊन बसली आणि म्हणाली, मी ते डार धुतली होती.

मला काही कळेना. मग तिने सांगितले. पोते भरण्याआधी लाखोरी तिने कढत पाण्यात भिजवली, पाणी फेकले, पुन्हा भिजवली, पुन्हा फेकले, आणि तीन दिवस चटईवर वाळवली. आपल्या घरात ती अशीच शिजते, कारण त्या पाण्याबरोबर तिचे वाईट निघून जाते असे आईने तिला शिकवले. मी विचारले, अगं, ही तर उंदरांना विष आहे का ते पाहायला पाठवायची होती, धुतलीस कायले? ती म्हणाली, डार भाऊजीच्या घरी जाऊन राहिली होती जी. आपल्या घरून कोनाच्या तोंडात जाईल ते असंच कसं देऊ? मुके जीव असले म्हनून का झालं?

खेमराज, मी तर्कशास्त्र शिकलो आहे. तिला समजावले की हे तर फारच उत्तम. फुलूने खाल्ली ती धुतलेलीच, उंदरांनी खाल्ली तीही धुतलेलीच. खटला संपला. तिने माझ्याकडे असे पाहिले की मी बोटावरची लाल शाई पुसत बसलो. मग म्हणाली, त्या वर्षी विहीर आटली होती. दोन कोसांवरून घागर यायची. डार धुवाले पानी कुठून आनू? तशीच शिजवली, आठ महिने. तुमाले माईत हाय.

मला माहीत होते. मी विसरलो होतो, किंवा विसरायचे ठरवले होते. मी म्हटले, हे खेमराजला कळवलेच पाहिजे असे नाही. सुटका झाली आहे ती ठेवून घे. ती म्हणाली, धुतलेल्या डारीनं सुटून का करू? अन् तिकडे त्याच्या सायबाच्या वहीत खोटं लिहून राहील, तेही माज्या हातानं.

म्हणून न धुतलेल्या लाखोरीचे दुसरे पोते आजच रवाना करतो आहे. ते मी भरले, ती लांब उभी होती. काल रात्रीपासून उपास पुन्हा सुरू आहे.

प्रेम कमी करू नकोस, रागही वहिनीवर नको.
शालीकराम


कलकत्ता, १२ जून १९३७

तीर्थस्वरूप दादा आणि वहिनींचे चरणी नमस्कार. वि. वि.

हे पत्र दोघांना मिळून आहे. दादांनी मोठ्याने वाचावे आणि मधेच भाष्य करू नये.

वहिनी, तुम्ही डाळ धुतलीत हे साहेबांना सांगितले तेव्हा त्यांनी मला पाऊण तास झापले. दोन महिने वाया, सत्तावीस पिल्ले वाया, आणि पोत्यात काय आहे हे न विचारणारा मी मूर्ख. सगळे खरे होते. मग शांत झाले आणि विचारले, पाणी किती कढत होते, किती वेळा बदलले, किती दिवस वाळवले. तुमचे उत्तर दादांच्या पत्रातून वाचून दाखवले, ते त्यांनी वहीत माझ्याकडून जसेच्या तसे लिहून घेतले. या वेळी धुतलेली आणि न धुतलेली, दोन्ही चारली. शोभेचा वाटाणाही पुन्हा चारला.

वाटाण्याची पिल्ले पुन्हा वाकली. लाखोरीची दोन्ही पिंजऱ्यांतली सरळ आहेत. न धुतलेलीसुद्धा, वहिनी. तीनदा चाचपली, दोनदा फोटो काढले. शेवटच्या वेळी साहेब स्वतः बसले होते.

जेवढे दिसले तेवढेच सांगतो. उंदीर म्हणजे माणूस नव्हे. आणि पायांची गोष्ट वेगळी, तिचा इथे शोध घेतलेला नाही, म्हणून डाळ धुणे सोडू नका. पण लाखोरीने पाठ वाकते असे मला कुठेही दिसले नाही. फुलूचा कणा कशाने वळला, ते मला माहीत नाही. साहेबांनाही नाही. ते न माहीत असणे तुमच्या पदरी बांधायचा हक्क मात्र कुणालाही नाही, आत्यालाही नाही.

साहेबांच्या ओळखीचे हाडांचे डॉक्टर इथे आहेत. वाढत्या मुलींना प्लॅस्टरचे जाकीट घालतात. त्याने पाठ सरळ होईलच असे नाही. आणखी वळणे थांबले तरी पुष्कळ. फुलूला घेऊन या.

लोभ तर हवाच, पण आधी तिकिटे काढा.
आपला खेमराज


॥ श्री ॥
आमगाव, ज्येष्ठ वद्य २, शके १८५९

चि. खेमराज यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

आज्ञेप्रमाणे मोठ्याने वाचले. भाष्य एकदाच केले, तेही जांभईच्या रूपात. जमुनाने ऐकून घेतले, मग विचारले की, त्या वाकलेल्या जीवायले दुखते का? तू पूर्वी लिहिले होतेस की चांगले खातात, ते मी सांगितले. ती उठली, भाकर वाढून घेतली आणि माझ्यासमोर बसून खाल्ली. आपल्या घरात बाई पुरुषाबरोबर जेवत नाही, हे तिला आठवले नाही आणि मी आठवण करून दिली नाही. फुलू दारातून बघून लाजली.

तिकिटे रविवारची काढली आहेत. आम्ही तिघे येतो. वहिनी तुझ्यासाठी काहीतरी धुऊन आणणारच, तयारीत राहा.

पोरीच्या लग्नाचे कसे होईल म्हणून मी झुरतो, असे सगळ्यांना वाटते. तुलाही वाटत असेल. ते नाही. जाकीट जमेल न जमेल, तेही मी सोसेन. फोटो पाहिल्यापासून मी फुलूच्या पाठीकडे बघतो. पाणी आणताना, अंगण झाडताना, वाचायला बसताना. आज जास्त आहे का, काल इतकी होती का. तिला कळत नाही असे समजत होतो. परवा बाजारातून येताना मी तिला पुढे चल म्हटले, तर ती थांबली आणि म्हणाली, तुमीच व्हा जी पुढं. आणि सबंध वाट माझ्या मागून चालत आली. आता घरातही ती मला पाठ करून उभी राहत नाही, भिंतीला टेकून बोलते. जमुनाने डाळ धुतली की नाही याचा शोध आपण घेतला. पोरीला लाजायला मी शिकवले, खेमराज, आणि ते कसे परत घ्यावे हे मला कळत नाही.

शालीकराम