इसरूभाऊंच्या ॲम्बेसेडरचं इंजिन

वडसा,
मंडईचा दुसरा दिवस

इसरूभाऊ, तिकडे चंद्रपुरात बसल्या जागी या जावयाचा राम राम घ्या. तुमचं बीपी कसं आहे? आजची गोळी राहिली असेल तर आधी ती घ्या, वर पाणी प्या आणि मगच पुढे वाचा. आमच्याकडे सगळं बरं आहे. धान कापून झालं, तुमच्या बहिणीची कंबर बरी आहे, रोशनी बरी आहे, तुमची ॲम्बेसेडरही बरी आहे (इंजिन सोडून). फोनच केला असता, पण आमचा एसटीडी बूथवाला आपलंच बोलणं संध्याकाळी पानठेल्यावर आपल्याला ऐकवतो.

रोशनीला पाहायला येणाऱ्या पाहुण्यांना आरमोरीहून मंडईच्या जत्रेला आणायचं, म्हणून तुम्ही मोठ्या मनाने गाडी दिली. (मंडईच्या नाटकाला आलेले पाहुणे नाटक कमी आणि मुलगी जास्त पाहतात, हे तुम्हाला काय सांगायचं. तुमची बहीण मी तशीच पाहिली होती. नाटक कोणतं होतं ते अजून आठवत नाही.) निघताना मी, नाट्यमंडळाचा अध्यक्ष म्हणून, आमच्या ‘बहिणीने बुडवला भाऊ’ या नाटकाचा बॅनर गाडीला बांधून घेतला, म्हणजे पाहुणेही येतील आणि जाहिरातही होईल. गाडी अशी शोभत होती की धान कापणाऱ्या बाया विळे थांबवून पाहत होत्या. जातानाच गरमीचा काटा वर चढला होता, पण तुमच्या गाडीचे सगळेच काटे आपापल्या मनाने चालतात, म्हणून मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. येताना मात्र बॉनेटमधून वाफ निघाली, मग धूर निघाला, आणि ऐन जंगलात एका बोडीजवळ गाडीने बसकण मारली. गाडीत मुलगा भूपेश, त्याची आई आणि वडील सुकलूजी. सुकलूजी उतावळा माणूस. डिकीत पोस्टरच्या खळीची रिकामी बादली होती, ती त्यांनी घेतली, बोडीचं गार पाणी भरलं आणि तापलेल्या इंजिनवर सरळ ओतलं. कडकन आवाज झाला. मी त्यांना थांबा म्हणणार होतो, भाऊ, शपथेवर सांगतो. पण मुलगी पसंत होण्याआधी मुलाच्या बापाला थांबा कोणत्या तोंडाने म्हणायचं? उलट दुसरी बादली मीच भरून दिली.

पुढे पाहुणे धानाच्या ट्रॅक्टरवर बसून मंडईत आले आणि पहिल्या अंकातच त्यांनी मुलगी पसंत केली. गाडी दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढत लच्छू मिस्त्रीकडे नेली. लच्छूचं म्हणणं, हेडला तडा गेला आहे, पिस्टन जाम झाले आहेत. तरी हेड बदलून, सिलिंडर बोर करून हेच इंजिन पुन्हा उभं करता येईल. पण दुरुस्ती करायची तर इंजिन खोलावं लागेल, आणि खोललं की हेड कोणाच्या बादलीने फुटलं हे लच्छू सगळ्या वडशाला सांगेल. मग सुकलूजी बिघडतील, आणि जमलेलं लग्नही तडकेल. माझी झोप त्याच भीतीने उडाली आहे. त्यात सुकलूजींनी स्वतःच तोड काढली. म्हणाले, “आमच्या घरी जीपचं डिझेल इंजिन चिचेखाली पडून हाये. घेऊन जा, लाजू नका.” (त्यात सध्या कोंबडी अंड्यांवर बसली आहे, पण ती उठेल.) ते बसवलं तर तुम्ही रागावणार, नाकारलं तर व्याही रागावणार. तुम्ही ते इंजिन पोटच्या पोरासारखं जपलं, हे मला माहीत आहे आणि मला खरंच वाईट वाटतं. पण त्याचं वय झालंच होतं. माझ्या मते बदलून टाकावं. शेवटचा शब्द तुमचा.

तुमचा,
डोमा

ता. क. तुम्ही सावकाश विचार करून कळवा. सुकलूजींचं इंजिन आज बैलबंडीने येऊन पोचलं. कोंबडीही आली.

आणखी ता. क. दादा, मी गोकुळा. यायनं पाकीट बंद कराले देल्लं, त मी वाचून पाह्यलं. सारं खरं हाये, फक्त एक गोष्ट सांगतली नाई. थो बॅनर यायनं गाडीच्या समोरच्या जाळीवरच कसून बांधला होता. इंजिनले हवाच लागत नोती. लच्छूनं बॅनर सोडला तवा समजलं, आन् थे पाहून हे तिथून चहा प्याले निंगून गेले. आता इंजिन बनवा का बदलवा, थे तुमी पाहा. पण लग्नात रोशनीच्या मांगं उभं राहाले मामा पाह्यजे, आन् मामा काई चिचेखाली पडून भेटत नाई. राग आला असन त मले चार गोष्टी बोला, पण इथी येऊन बोला. एसटीनं या. लग्नाचा बोर्ड आमी मांगच्या काचेवर लावू.